नगर सोडले की नगरकर

१८९३ च्या सप्टेंबरात शिकागोला सर्वधर्म परिषद भरली. ती परिषद म्हटली की आपल्याला विवेकानंद आठवतात आणि ते रास्तच आहे. पण त्याच व्यासपीठावर मुंबईहून गेलेले बी. बी. नगरकर नावाचे गृहस्थ ब्राह्मो समाजाच्या वतीने भारतातल्या समाजसुधारणेवर बोलले. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे अमेरिकन मिशनरीही तिथे बोलले. ह्यूम जन्माने मुंबईचे, पण १८७४ पासून त्यांचे बिऱ्हाड अहमदनगरला होते आणि पुढची कित्येक दशके तिथेच राहिले. म्हणजे शिकागोच्या त्या सभागृहात नगरला राहणाऱ्या माणसाचे आडनाव ह्यूम होते आणि नगरकर आडनावाचा माणूस मुंबईचा होता.

यात गमतीचे वाटते तेवढे विचित्र काही नाही. ‘कर’ लागलेल्या आडनावांचा स्वभावच असा आहे. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखून कुणाला काय कळणार? नगरच्या माळीवाड्यात ‘ते नगरकर’ म्हटले तर ऐकणारा विचारील, ‘अहो, इथे सगळेच नगरचे, त्यातले कोणते?’ पण तोच माणूस पुण्याच्या शनिवारात किंवा मुंबईच्या गिरगावात जाऊन राहिला, तिथल्या वाण्याच्या वहीत त्याचे खाते पडले, मुलांचे नाव शाळेत गेले, की तो नगरकर होतो. नाव गावाचे असते, पण ठेवतात ते परगावचे लोक. म्हणून नगरकरांचा शोध घ्यायचा तर नगरपेक्षा पुण्या-मुंबईत तो जास्त लागावा, संगमनेरकरांचा संगमनेरबाहेर आणि जामखेडकरांचा जामखेडबाहेर. पुरातत्त्वज्ञ अरविंद जामखेडकर यांच्यामुळे जामखेड हे नाव देशभरच्या विद्वानांच्या तोंडी गेले. जामखेडात राहणाऱ्याला ते आडनाव लावायची गरज कधी पडली नसती.

याची दुसरी बाजू नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत दिसते. विखे, थोरात, गडाख, तनपुरे, राजळे, ढाकणे, पाचपुते, कोल्हे, लंके ही इथली ठसठशीत आडनावे. यातल्या एकालाही ‘कर’ नाही. कोकणात दर दुसऱ्या दारावर ‘कर’ची पाटी, आणि देशावर मात्र कुळाचे, वतनाचे नाही तर टोपणनावाचे आडनाव, हा फरक सरसकट नसला तरी डोळ्यांत भरण्याएवढा आहे. जो मातीत राहिला त्याने उलट आपलेच नाव मातीला दिले. संगमनेरला लागून घुलेवाडी आहे, गुंजाळवाडी आहे. घुले आणि गुंजाळ राहिले म्हणून वाडीला त्यांचे नाव पडले. जो निघाला त्याने जाताना गावाचे नाव सोबत नेले. मराठी आडनावांचा निम्मा इतिहास या दोन वाटांत सांगून होतो, असे माझे मत आहे. उरलेला निम्मा कुलकर्णी, देशपांडे, जोशी, पाटील यांनी हक्काने व्यापलेला आहे.

आता ‘नगरकर’ या शब्दाकडेच पाहू. गावाचे पूर्ण नाव अहमदनगर, पण बोलताना ते कुणीच पूर्ण म्हटले नाही. ‘नगरला चाललोय’, ‘नगरचा पाहुणा’, ‘नगर-मनमाड रस्ता’, अशीच भाषा. आडनावातही नगरच आले, अहमद आला नाही. २०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, तेव्हा बदलला तो नावाचा पहिला अर्धा. नगरकरांनी जो भाग पिढ्यान्‌पिढ्या कधी लावलाच नव्हता, नेमका तोच. त्यामुळे त्यांच्या आधार कार्डावर, पाटीवर, पत्रिकेवर एका अक्षराचाही फरक पडायचे कारण नाही.

हे नगर वसले तेही एका बाहेरून आलेल्या घराण्यामुळे, आणि त्या घराण्याच्या नावातच एक आडनावाची कथा दडलेली आहे. मलिक अहमदने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात, सीनेच्या काठी, आपली राजधानी उभी केली. भिंगार आधीचे, नगर नंतरचे. अहमदचा बाप मलिक हसन बहरी. फरिश्ता हा इतिहासकार लहानपणी नगरच्या दरबारात वाढलेला. तो सांगतो की हा हसन मुळात तिमाभट, पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, भैरव नावाच्या माणसाचा मुलगा. लढाईत पकडला गेला, धर्मांतर झाले, बहामनी दरबारात वाढला. दरबारी जिभांना बापाचे नाव नीट उच्चारता येईना, म्हणून भैरवचे ‘बहरी’ झाले. बहरी म्हणजे ससाणाही होतो आणि हसनकडे शाही शिकारी पक्ष्यांचे काम होते, असाही अर्थ लावला जातो. यातले खरे कोणते हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. पण बापाचे नाव परक्या तोंडात जाऊन मुलाचे बिरूद होते, ही गोष्ट पंधराव्या शतकात खरी वाटावी इतकी ओळखीची आहे. पुढे अहमदच्या घराण्याने, म्हणजे निजामशाहीने, वऱ्हाडच्या इमादशाहीशी पाथरीसाठी भांडण काढले आणि पाथरी घेतलीही. मूळ गावाची ओढ सुलतानांनाही सुटली नव्हती.

शहराला आज जिचे नाव आहे त्या अहिल्याबाईंच्या आडनावाची कथा तर आपल्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्या जन्मल्या ३१ मे १७२५ ला, जामखेड तालुक्यातल्या चोंडीला. वडील माणकोजी शिंदे, चोंडीचे पाटील. लग्न झाले आणि त्या होळकर झाल्या. होळकर म्हणजे होळ गावचे. हे होळ नीरा नदीच्या काठचे. मल्हारराव तिथे १६९३ साली जन्मले. पण बाप खंडोजी लवकर वारला आणि आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला, भोजराज बारगळ या भावाकडे गेली. मल्हारराव वाढले तळोद्यात, शिलेदारी केली उत्तरेत, राज्य केले माळव्यात, आणि आडनाव मात्र त्या होळचे राहिले जिथे त्यांचे बालपणाचे काही दिवसच गेले. होळमध्येच राहिले असते तर होळकर म्हणून त्यांना कुणी हाक मारली नसती. आज इंदूरला होळकर म्हटले की लोकांना राजवाडा आठवतो, नीरेकाठचे ते खेडे आठवत नाही. छोट्याशा गावाच्या नावाने तीस-चाळीस कोसांवर किंवा तीनशे कोसांवर एवढी मजल मारावी, हे गावाच्या नशिबाचे काम नाही, निघून गेलेल्यांचे आहे.

नगर जिल्ह्याच्या संतपरंपरेत ‘कर’ जरा वेगळ्या रीतीने येतो. शेख महंमद हे श्रीगोंद्याचे, ‘योगसंग्राम’चे कर्ते, मुसलमान घरात जन्मून मराठीत अध्यात्म लिहिणारे. वारकरी त्यांना शेख महंमद महाराज श्रीगोंदेकर म्हणतात. तुकोबांना गुरू मानणारे निळोबाराय हे पिंपळनेरकर. त्यांचे मूळ आडनाव मकाशीर, पण ते सांगितले तर पारनेर तालुक्यातही कितीजणांना ओळखता येईल याची शंका आहे. ‘भक्तिविजय’ १७६२ साली पुरा करणारे महिपती हे ताहराबादकर. इथे गाव सोडून जाण्याचा प्रश्न नाही. निळोबांनी पिंपळनेरला वस्ती केली, महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहराबादेतच नांदले. तरी नाव देणारे पुन्हा बाहेरचेच. पंढरीच्या वाटेवर दिंड्या भेटतात, फडावर कीर्तन होते, तिथे ‘कोणते निळोबा?’ हा प्रश्न येतोच. गावात तो येत नाही.

महिपतींचे मूळ आडनाव कांबळे होते. देशस्थ ब्राह्मण आणि आडनाव कांबळे, हे आज ऐकून अनेकजण चमकतात. आडनावावरून जात ओळखल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे एक उदाहरण खिशात ठेवावे. ‘कर’च्या बाबतीत तर असली ओळख पूर्णच फसते. एकाच गावातून बाहेर पडलेले ब्राह्मण, न्हावी, सोनार, मुसलमान, ज्यू सगळे त्याच गावाचे ‘कर’ होतात. गाव सर्वांचे सारखेच असते.

संगमनेरच्या अनंत फंदींचे प्रकरण आणखी निराळे. १७४४ ते १८१९ हा त्यांचा काळ. आडनाव घोलप, पण मलिक फंदी नावाच्या फकिराच्या संगतीने ‘फंदी’ हे नाव चिकटले आणि घोलप मागे पडले. संगमनेरात त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, त्यावरही फंदीच. एका ब्राह्मण शाहिराने मुसलमान मित्राचे नाव आयुष्यभर मिरवले याचे तेव्हा कुणाला वावगे वाटलेले दिसत नाही.

या सगळ्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. अठराव्या शतकापर्यंत आडनाव हे पक्के बसलेले नव्हते. एकाच माणसाची एका कागदात वडिलांच्या नावाने, दुसऱ्यात वतनाने, तिसऱ्यात गावाने नोंद होई आणि कुणाचा गोंधळ होत नसे. बाळाजी जनार्दन भानू हे कागदावर काहीही असोत, जगाच्या लेखी ते नाना फडणवीस. आडनाव खिळ्याने ठोकले ते इंग्रजी अमदानीने. जमिनीची मोजणी, सातबाऱ्याचे पूर्वज असलेले उतारे, पलटणीची भरती, कोर्टाचे समन्स, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे शाळेचे दाखले. मास्तरांनी रजिस्टरात जे लिहिले ते कायमचे झाले.

याचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण ७ नोव्हेंबर १९०० चे आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्या दिवशी भिवा रामजी या मुलाचे नाव घातले गेले. घराण्याचे आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, म्हणून आंबडवेकर. आणि कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांच्या जिव्हाळ्यातून ते आंबेडकर झाले, असे सांगितले जाते. एका शाळेच्या रजिस्टरातले काही मात्रांचे अंतर, आणि आज ते आडनाव देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात चौकाला आहे, विद्यापीठांना आहे. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला तो आडनावांचाही दिवस वाटतो.

गाव मागे टाकले की गावाचे नाव अंगाला चिकटते, ही रीत आपल्या एकट्याची नाही. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत इंग्रजांनी जर्मन लोकांना कोंडून ठेवले होते, त्यात मिशनरी होते, व्यापारी होते. त्यांच्या हजेरीत ‘अर’ने संपणारी नावे पुकारली जात असतील तेव्हा पहाऱ्यावरच्या मराठी शिपायाला कल्पनाही नसेल, की हा ‘अर’ म्हणजे आपलाच ‘कर’. जर्मन भाषेत गावाच्या नावाला ‘अर’ जोडला की त्या गावचा माणूस होतो. आडेनाऊ गावचा आडेनाउअर. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झालेले कोनराड आडेनाउअर यांच्या आडनावात ते गाव आहे. ऱ्हाइनकाठच्या ओपेनहाइम गावचा ओपेनहाइमर. व्हिएन्नाचा वीनर. आणि तिथेही तोच नियम. आडनावांचा अभ्यास करणारे सांगतात की गावावरून पडलेले नाव त्या गावात सापडण्यापेक्षा आजूबाजूच्या शहरांत सापडण्याची शक्यता जास्त. जर्मनांनी २००५ सालच्या टेलिफोन जोडण्यांच्या यादीवरून अख्ख्या देशाचा आडनावांचा नकाशासंग्रह तयार केला. एखादे दुर्मीळ आडनाव घ्यावे, नकाशावर त्याचे ठिपके पाहावेत आणि ठिपक्यांच्या दाटीवरून मूळ गावाकडे बोट दाखवावे, इतके ते नेटके काम. आपल्याकडे विधानसभेच्या मतदार याद्या गावोगाव छापलेल्या मिळतात. एखाद्या विद्यापीठाने मनावर घेतले तर मराठी आडनावांचा नकाशा होण्यासारखा आहे.

जर्मन प्रदेशातल्या ज्यूंची कथा आपल्याला आणखी जवळची आहे. त्यांच्यात अमक्याचा मुलगा तमका अशीच ओळख चाले. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने १७८७ साली आणि प्रशियाने १८१२ साली हुकूम काढून त्यांना कायमची आडनावे घ्यायला लावली. कारण सरकारचे नेहमीचेच, कर आणि सैन्यभरती. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना असा हुकूम कुणी काढला नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावावरून मात्र ते पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर झाले. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी तर या समाजाचा इतिहासच लिहिला. नाव हिब्रू, बापाचे नाव बायबलमधले आणि आडनाव अलिबागजवळच्या किनाऱ्याचे. १९४८ नंतर यातली बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेवा या गावांत आज पेणकर आणि रोहेकर आहेत, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. त्यांच्या पूर्वजांना गावाचे नाव मिळाले ते पेण सोडून मुंबईला आल्यावर, आणि तेच नाव मुंबई सोडताना दुसऱ्या देशात गेले. मुंबईकर मात्र ते झाले नाहीत, कारण तोवर आडनाव पक्के झाले होते.

नगरकडे परत येऊ. इथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले आणि जिल्ह्यात ख्रिस्ती समाज उभा राहिला. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. तिथले डिसोझा, परेरा, लोपीस मुळात कोण होते हे जुनी दप्तरे धुंडाळल्याशिवाय कळत नाही. नगरला तसे झाले नाही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे सुरुवातीचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. दोघांनाही मिशनने १८५४ साली पाळकपदाची दीक्षा दिली. पण खिस्ती हे खिस्तीच राहिले आणि मोडक हे मोडकच. योगायोग असा की ‘खिस्ती’ हे आडनाव त्यांचे धर्मांतराआधीपासूनचेच होते. एखाद्या कादंबरीकाराने पात्राला असे नाव दिले असते तर संपादकाने ते खोडले असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमी नगरच, आणि ख्रिस्ती होऊनही त्यांचे टिळकपण गेले नाही. खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती झालेल्या महार-मांग कुटुंबांचीही साळवे, गायकवाड, शिंदे, भिंगारदिवे ही नावे तशीच राहिली. अमेरिकन मिशनऱ्यांचे अनेक बाबतींत दोष दाखवता येतील. माणसाचे आडनाव त्यांनी काढून घेतले नाही, हे त्यांच्या बाजूने मांडायलाच हवे. परिणाम असा झाला की १९१८ साली नगरला ख्रिस्ती घरात जन्मलेले शाहू मोडक पुढे पडद्यावर कृष्ण म्हणून घराघरांत पोचले, आणि श्रेयनामावलीत मोडक हे नाव वाचून प्रेक्षकांना काहीच वेगळे वाटले नाही.

तमाशाच्या दुनियेत गावाचे नाव म्हणजे फडाची पाटी. इथे ‘कर’ वारशाने येत नाही, तो कलावंताला चिकटतो किंवा तो स्वतःहून घेतो. संगमनेर हे या दुनियेतले मोठे ठाणे. पवळा हिवरगावकर ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून ओळखली जाते, ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावश्याची. नंतरच्या काळात कांताबाई सातारकर आणि तुकाराम खेडकर यांचा फड महाराष्ट्रभर गाजला, आणि कांताबाईंनी बिऱ्हाड केले ते संगमनेरात. त्या जन्मल्या गुजरातेत, वाढल्या साताऱ्यात, २०२१ साली गेल्या संगमनेरात. नाव मधल्या मुक्कामाचे. उलट ‘राजसा जवळी जरा बसा’ या लावणीच्या अदाकारीने ज्यांनी रसिकांना वेड लावले त्या गुलाबबाई संगमनेरकर पुण्यात राहिल्या. सातारकर संगमनेरात आणि संगमनेरकर पुण्यात. हे ऐकून पोस्टमनने कपाळाला हात लावला असता, पण तमाशाच्या रसिकाला त्यात काही अडचण आली नाही. त्याला गाव हुडकायचे नव्हते, फड ओळखायचा होता.

आणि खुद्द नगरकर? या आडनावाची दोन माणसे मराठी वाचकाला चटकन आठवतील. एक राम नगरकर. नाभिक समाजात वाढलेला, सेवादलाच्या कलापथकात निळू फुल्यांबरोबर घडलेला हा नट. ‘रामनगरी’ हे त्यांचे आत्मकथन त्यांनी एकट्याने रंगमंचावर उभे केले आणि हसवता हसवता जातीच्या पायरीवर बोट ठेवले. १९८२ साली कांतीलाल राठोड यांनी त्यावर हिंदी चित्रपट काढला, त्यात अमोल पालेकर होते. नावातला राम आणि आडनावातले नगर जोडून पुस्तकाचे नाव करणे ही कल्पकता खास त्यांचीच.

दुसरे किरण नगरकर. शिकागोला गेलेल्या त्या बी. बी. नगरकरांचे हे नातू. जन्म मुंबईचा, १९४२ चा. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही १९७४ सालची मराठी कादंबरी लिहून ते इंग्रजीकडे वळले, आणि मराठीने त्यांना आणि त्यांनी मराठीला क्षमा केली की नाही हा वाद बरीच वर्षे रंगला. मेवाडच्या पार्श्वभूमीवरच्या ‘ककोल्ड’ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांना उचलून धरले ते जर्मन वाचकांनी. त्यांची पुस्तके जर्मनमध्ये गेली, तिथे वाचनाच्या कार्यक्रमांना गर्दी झाली, आणि २०१२ साली जर्मन सरकारने त्यांना आपला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला. २०१९ साली ते गेले. जर्मन वाचकाला नगर कुठे आहे हे कळायचे कारण नव्हते, पण आडेनाउअर आणि ओपेनहाइमर यांच्या मुलखात नगरकर हे नाव कसे बनले असेल हे समजायला त्याला अडचण येऊ नये.

राम आणि किरण यांचे एकमेकांशी नाते नाही, जात एक नाही, घराणे एक नाही. दोघांच्याही मागे कधीतरी, कुणीतरी, नगरच्या वेशीबाहेर पडले एवढाच दुवा. सगळे नगरकर अहमदनगरचेच असतील असेही नाही. कर्नाटकात शिमोग्याकडे बिदनूर होते, हैदरअलीने १७६३ साली ते जिंकून त्याचे हैदरनगर केले आणि आज त्याला नुसते नगरच म्हणतात. तिथून निघालेल्या एखाद्या घराण्यालाही नगरकर व्हायला कुणाची हरकत नव्हती. अकोलकरांची पंचाईत अशीच. प्रवरेच्या उगमाकडचे अकोले की वऱ्हाडातले अकोला, हे आडनावावरून कळत नाही. बेलापूरकरांना आता प्रवरेकाठचे बेलापूर सोडून नवी मुंबईचे बेलापूर सांगणारे भेटतात.

नगरच्या लोकांना बाहेर पडायला कारणे भरपूर होती. १६०० साली मोगलांनी शहर घेतले, १६३६ ला निजामशाहीच संपली, राजधानीचे ठाणे झाले. दरबाराच्या आश्रयाने जगणारे कारकून, सावकार, कारागीर यांना दुसरा दरबार शोधणे भाग होते, आणि पुढच्या शतकात पुणे पेशव्यांमुळे तसे झाले. एकोणिसाव्या शतकात १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला, आणि त्याच १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली. पोटाचा आधार सुटला आणि गाडीही सुटली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस धावली ती नगरहून पुण्याला. पण या बसमधून गेलेले लोक नगरकर झाले नाहीत. ते शिंदे म्हणून चढले आणि शिवाजीनगरला शिंदे म्हणूनच उतरले, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या दाखल्यावर आडनाव छापून झाले होते. ‘कर’ आडनावे पाडणारी टांकसाळ विसावे शतक उजाडेपर्यंत जवळजवळ बंद पडली होती. श्रीरामपूर हे रेल्वेच्या बेलापूर स्टेशनाभोवती विसाव्या शतकात वाढलेले शहर. बाजारपेठ मोठी, साखर मोठी, पण श्रीरामपूरकर हे आडनाव म्हणून माझ्या कानावर कधी आलेले नाही. चांभारगोंद्याचे श्रीगोंदे झाले आणि श्रीगोंदेकर झाले, ते अजून टांकसाळ चालू असतानाचे. अहिल्यानगरकर हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि निवेदकांच्या तोंडी रुळेलही. आडनाव व्हायला तो दीडशे वर्षे उशिरा आला.

राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव बदलता येते आणि लोक बदलतातही. टोपणनावावरून पडलेले, शाळेत चिडवायला कारण झालेले आडनाव टाकून गावाचा ‘कर’ लावणारी कुटुंबे आजही आहेत. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर हे नाव घेतले ते याच वाटेचे थोर उदाहरण. पण ज्या नगरकरांना, पारनेरकरांना किंवा राहुरीकरांना उलट दिशेने जायचे आहे, ‘कर’च्या आधी आपण कोण होतो ते हुडकायचे आहे, त्यांनी एकदा नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जावे. त्यांच्या लाल बासनातल्या नामावळ्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात. मात्र तिथे गेल्यावर ‘नगरकर’ सांगून भागत नाही. ते विचारतात मूळ गाव कोणते आणि जुने आडनाव काय. म्हणून जाण्याआधी घरातल्या वयस्कर आत्याला किंवा चुलत आजोबांना कुलदैवत, गोत्र किंवा देवक आणि भाऊबंदांची गावे विचारून कागदावर लिहून न्यावीत. मोडी वाचणारा कुणी सोबत असला तर उत्तम, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची पाने बहुतेक मोडीत आहेत.